बीपी मशीनमधले चार सेल

आईच्या बीपी मशीनला चार पेन्सिल सेल लागतात. आमच्याकडे ते रिचार्जेबल आहेत. गेल्या एप्रिलमध्ये दोनदा बीपी मोजलं की मशीन बंद पडायला लागलं. सेल तर रात्रभर चार्ज केलेले. शेवटी मल्टिमीटर लावला. तीन सेल १.३ व्होल्टच्या आसपास होते, चौथा ०.९ च्याही खाली. चारांतले दोन सेल मुलीच्या खेळण्यातल्या गाडीतून काढलेले, जुने होते. नव्या दोघांबरोबर ते मीच घातले होते.

अशा यंत्रात सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे चौघांतून एकच विद्युतप्रवाह जातो. दुबळा सेल आधी रिकामा होतो, पण उरलेले तिघे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात. मग त्याची धन आणि ऋण टोकं उलटी होऊ लागतात, आत वायू तयार होतो आणि सेल कायमचा अधू होतो. म्हणून एकत्र घेतलेले सेल एकत्रच वापरावेत आणि एकत्रच चार्ज करावेत. मी आता सेल आणले की लगेच त्यांच्यावर मार्करने महिना आणि वर्ष लिहितो.

हे सेल निकेल-मेटल हायड्राइड जातीचे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून अनेकांना ते कमजोर वाटतात. साधा सेल १.५ व्होल्टवर सुरू होतो खरा, पण वापरताना सतत उतरत जातो. हा मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो. ‘पूर्ण उतरवल्याशिवाय चार्ज करू नका’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातला आहे. या सेलना तो लावायची गरज नाही.

त्यांचा खरा शत्रू उष्णता. सेल भरत आला की निकेलच्या बाजूला ऑक्सिजन सुटू लागतो. तो दुसऱ्या बाजूला जाऊन तिथे पुन्हा जिरतो, आणि चार्जरमधून येणारी ऊर्जा साठण्याऐवजी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणूनच भरलेला सेल हाताला गरम लागतो. त्याच क्षणी त्याचा व्होल्टेज काही मिलिव्होल्टने घसरतो. चांगला चार्जर ही बारीक घसरण ओळखून थांबतो, आणि प्रत्येक सेलकडे वेगळं लक्ष देतो. स्वस्त चार्जरला यातलं काही कळत नाही, तो प्रवाह देतच राहतो. तसा चार्जर असेल तर हिशेब आपण करायचा: २००० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवणीचं माप) सेल, २०० मिलिअँपिअरचा चार्जर, म्हणजे दहा तास, थोडी ऊर्जा वाया जाते म्हणून चौदा ते सोळा धरायचे. त्यानंतर सेल काढून घ्यायचे.

नाशिकच्या हवेचं आपल्याला कौतुक असतं, पण एप्रिल-मेमध्ये इथेही पारा चाळिशी गाठतो. आमचा चार्जर तेव्हा गॅलरीतल्या प्लगवर, दुपारच्या उन्हात असायचा. आता तो आतल्या खोलीत फरशीजवळ असतो आणि चार्जिंग रात्री होतं.

जिन्याखालच्या इन्व्हर्टरची तऱ्हा वेगळी. त्या शिसे-आम्लाच्या बॅटरीला भरलेलंच राहायला आवडतं. उतरलेली तशीच पडून राहिली, तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात, आणि ते पुन्हा विरघळवणं अवघड. घर महिनाभर बंद ठेवून गावी जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पाणी डिस्टिल्डच घालायचं, नळाचं नाही, कारण नळाच्या पाण्यातले क्षार आतच साठत जातात. मोबाइलच्या लिथियम बॅटरीला याउलट अर्धवट भरलेली आणि थंड अवस्था मानवते. बाजूला ठेवायचा जुना फोन निम्मा चार्ज करून ठेवावा.

भिंतीवरच्या घड्याळात मी साधेच सेल घालतो. घड्याळ इतका थोडा प्रवाह घेतं की तिथे रिचार्जेबल सेल कामापेक्षा आपोआपच जास्त उतरतो. मात्र ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ लिहिलेले सेल वर्षभरानंतरही बराच चार्ज धरून असतात. पावसाळ्यातल्या बॅटरीसाठी, म्हणजे टॉर्चसाठी, मी तेच घेतो.

आईच्या मशीनमध्ये आता चारही सेल एकाच महिन्याचे आहेत. जुने दोन सेल टोकांना चिकटपट्टी लावून एका डब्यात ठेवलेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते घरच्या कचऱ्यात मिसळायचे नसतात, त्यामुळे घंटागाडीच्या डब्यात ते जाणार नाहीत. डबा भरला की ई-कचरा घेणाऱ्याकडे देईन.