गटिंगचा ताण आणि कानाचा कौल

सांगली-मिरजेच्या टेनिस कोर्टांवर रॅकेटला नवी तार बसवून घेण्याला आजही ‘गटिंग करणे’ असेच म्हणतात. तार नायलॉनची असो वा पॉलिएस्टरची, शब्द मात्र आतड्याचाच राहिला आहे, कारण मूळ तार जनावराच्या आतड्यापासून वळलेली असे. पिंजाऱ्याच्या धनुकलीला लावतात ती तात आणि ही तार एकाच कुळातली. फ्रान्समधील लिओं शहरातले पियेर बाबोला वाद्यांसाठी अशा तारा बनवीत असत आणि १८७५ मध्ये त्यांनीच टेनिसच्या रॅकेटसाठी तात तयार केली. तेव्हा मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीतून जाताना रॅकेट आठवली, तर त्यात वावगे काही नाही.

चेंडू रॅकेटच्या जाळीवर जेमतेम पाच सहस्रांश सेकंद टेकतो. तेवढ्यात जाळी मागे दबते, चेंडू चपटा होतो आणि दोघेही मूळ आकारात परततात. जाळी आपल्यात साठलेल्या ऊर्जेपैकी नऊ दशांशांहून अधिक परत करते. चेंडू मात्र उधळ्या आहे. नियमाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून कठीण पृष्ठभागावर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळला पाहिजे, म्हणजे जवळजवळ निम्मी ऊर्जा त्याच्या रबरातच जिरते. म्हणून जाळी जितकी सैल, तितके दबण्याचे काम ती स्वतःकडे घेते, चेंडू कमी चपटा होतो आणि वेगाने परततो. घट्ट जाळीने फटका जोरात बसतो, ही नवख्यांची समजूत याच्या नेमकी उलट आहे; घट्टपणातून मिळतो तो ताबा.

सामान्यतः तार २२ ते २७ किलोंच्या ताणाने ओढतात, परंतु त्या ताणाखाली प्रत्येक पदार्थ वेगळा वागतो. तातीतले कोलॅजनचे तंतू इतके ओढले गेल्यावरही लवचीक राहतात आणि ताणही फारसा सोडत नाहीत, त्यामुळे हाताला तिच्याइतकी मऊ तार दुसरी नाही. मात्र ती महाग आहे आणि ओलाव्याने फुगून उसवते, म्हणून कृष्णाकाठच्या पावसाळ्यात ती वापरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. शेकडो बारीक तंतू पॉलियुरेथेनने सांधून केलेली मल्टिफिलामेंट तार तिच्या बरीच जवळ जाते. साधे नायलॉन त्याहून थोडे ताठ आणि पुष्कळ स्वस्त.

पॉलिएस्टर या सर्वांहून ताठ आणि गुळगुळीत असते. फटक्याच्या वेळी उभ्या तारा आडव्या तारांवरून बाजूला घसरतात आणि चेंडू सुटण्यापूर्वी झटक्याने जागेवर येताना त्याला जादा फिरकी देतात. १९९७ मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्टेनने ल्युक्सिलॉन कंपनीच्या पॉलिएस्टर तारांनी फ्रेंच ओपन जिंकली आणि या तारांचे युग सुरू झाले. खरे तर घसरणाऱ्या तारांची ताकद त्याच्या वीस वर्षे आधीच दिसली होती. १९७७ मध्ये इली नास्तासेने दुहेरी विणीच्या ‘स्पॅगेटी’ रॅकेटने गिलेर्मो व्हिलासची मातीच्या कोर्टावरील सलग ५३ विजयांची मालिका खंडित केली आणि लवकरच त्या विणीवर बंदी आली. रॉजर फेडररने मधला मार्ग काढला: उभी तात, आडवे पॉलिएस्टर.

आपल्याकडचे हौशी खेळाडू मात्र नदालकडे पाहून संपूर्ण पॉलिएस्टर बसवतात आणि ते तुटत नाही म्हणून महिनोन्‌महिने चालवतात. हे मला चुकीचे वाटते, कारण पॉलिएस्टर तुटण्याच्या पुष्कळ आधी मरते. त्याचा ताण झपाट्याने उतरतो, तारांना खाचा पडतात आणि घसरून परत येण्याची क्रिया मंदावते. कोपराला ताठपणाचा जाच होतो तो होतोच, फिरकीही मिळत नाही.

हा मृत्यू कानाने ओळखता येतो. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ताण एक दशांशाने उतरला की स्वर सुमारे पाच टक्क्यांनी खाली येतो, म्हणजे तार षड्जावरून घसरून जवळजवळ खालच्या शुद्ध निषादापाशी येऊन थांबते. तानपुरा लावणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही. हाताची जाण मात्र इतकी सूक्ष्म नसते. ऑस्ट्रेलियातील भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेल्या चाचण्यांत अनेक खेळाडूंना ताणातला काही किलोंचा फरकदेखील ओळखता आला नाही. आपण ज्याला तारेचा ‘फील’ म्हणतो, त्यातला मोठा वाटा बहुधा आवाजाचा असतो.

म्हणूनच हादरा शोषण्यासाठी म्हणून तारांमध्ये अडकवायच्या रबरी बोंडाची ख्याती अवाजवी आहे. तानपुऱ्याच्या घोडीवरचे सूत नाद खुलवते, रॅकेटवरचे बोंड तो मिटवते. चौकटीतून मनगटाला बसणारा हादरा त्याने कमी होत नाही. कोपर दुखत असेल, तर बोंड शोधण्याऐवजी पुढच्या गटिंगला मल्टिफिलामेंट सांगावी आणि ताण दोन किलोंनी उतरवून घ्यावा.