दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका

तपासणीसाठी रक्त द्यायला बसलं की लोक सहज बोलून जातात. "तोंडातली जखम महिना झाला भरत नाही, पण दुखत नाही हो." "मध्ये एकदा लघवी लाल झाली होती, आपोआप थांबली." सुईकडे लक्ष जाऊ नये म्हणून केलेल्या गप्पा असतात या. डॉक्टरांना सांगितलं का, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा 'नाही'. म्हणून आमच्या लॅबतर्फे कॅन्सरच्या लक्षणांवर हे पत्रक.

खाली लिहिलेली लक्षणं बहुतेकांच्या बाबतीत साध्या कारणानेच निघतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही. त्यामुळे किती दुखतंय यापेक्षा किती दिवस झाले, हे मोजा. न भरणारी जखम, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, बसलेला आवाज, खोकला यांना तीन आठवडे झाले की दाखवून घ्या. दात टोचत असेल म्हणून जखम झाली, हे खरंही असेल. ते दंतवैद्याला ठरवू द्या. मानेत, काखेत किंवा स्तनात नवी गाठ लागली तर तीन आठवडेही थांबू नका.

आता आमच्या रोजच्या कामातलं. हिमोग्लोबिन कमी आलं की काउंटरवरच प्रश्न येतो, "लोहाची कोणती गोळी घेऊ?" पाळी चालू असलेल्या बाईचं लोह कमी होण्यामागे बहुधा पाळीच असते. पण पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी झालं, तर रक्त जातंय कुठे हे आधी शोधायला हवं. मोठ्या आतड्यातली गाठ थेंब थेंब झिरपते, शौचाला डोळ्यांना काही दिसत नाही. जिना चढताना धाप लागते एवढंच. नुसती गोळी घेतली की आकडा वर येतो आणि गाठ तशीच राहते. जुने रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. १४, मग १२.८, मग ११.४ अशी घसरण एका कागदावर कळत नाही. आणि रक्त दिसलंच, तर ते मूळव्याधीचं असं घरच्या घरी ठरवू नका.

लघवीतून रक्त एकदाच गेलं, दुखलं नाही, तरी दुसऱ्या वेळेची वाट पाहू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कपड्याला लागलेला एक डागही दाखवायचा. पन्नाशीनंतर नव्याने रोज पोट फुगायला लागलं, दोन घासांत पोट भरायला लागलं, तर त्याला नुसता गॅस म्हणू नका.

काही न करता वजन उतरलं की लोक कौतुक करतात. सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलो, आपोआप कमी झालं तर कारण शोधावं लागतं. साठीनंतर साखर नव्याने निघाली आणि वजनही उतरतंय, ही जोडी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

"एका रक्तात सगळे कॅन्सर तपासा" अशी मागणीही येते. धंदा आमचाच, तरी सांगतो: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या तपासण्या, करू नका. यातलं सीए-१२५ पाळीतही वाढतं, सीईए धूम्रपानानेही वाढतं. आणि आकडा नॉर्मल आला म्हणजे कॅन्सर नाही, असंही नाही.

पत्रकाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. काय होतंय आणि कोणत्या तारखेपासून, तिथे लिहा आणि डॉक्टरांकडे जाताना जुन्या रिपोर्टांसोबत न्या.