एकाच पदवीचे तीन पगार : विदर्भातील सरकारी परिचारिका पदांची पार्श्वभूमी

गोंदिया, वाशीम किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखादी मुलगी आज बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून सरकारी नोकरीचा विचार करू लागते, तेव्हा तिच्यासमोर तीन वेगवेगळे आकडे येतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात समुदाय आरोग्य अधिकारी झाल्यास महिन्याला २५,००० रुपये ठरलेले मानधन आणि कामगिरीवर आधारित जास्तीत जास्त १५,००० रुपये मिळतात. राज्य शासनाच्या रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) झाल्यास ३५,४०० ते १,१२,४०० ही वेतनश्रेणी लागू होते आणि त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मिळतो. नागपूरच्या एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर झाल्यास मूळ वेतनाची सुरुवातच ४४,९०० रुपयांपासून होते. पदवी तीच आहे, परिचर्या परिषदेकडील नोंदणी तीच आहे आणि रुग्णाच्या उशाशी करायचे कामही फारसे वेगळे नाही. तरीही आकडे वेगळे आहेत, कारण ही तीन पदे तीन वेगवेगळ्या काळात, तीन वेगवेगळ्या यंत्रणांनी, वेगवेगळ्या गरजांपोटी निर्माण केली. तो इतिहास ठाऊक असल्याशिवाय जाहिरातीतील वेतनाच्या रकान्याचा अर्थ नीट लागत नाही.

विदर्भात प्रशिक्षित परिचारिका प्रथम आल्या त्या शहरांत, आणि त्याही मुख्यतः मिशनच्या व स्त्री रुग्णालयांच्या मार्गाने. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरीन फंडातून देशभर स्त्रियांसाठी रुग्णालये उभी राहिली. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी 'डफरीन' आहे. नागपुरात स्कॉटिश मिशनच्या मूर मेमोरियल रुग्णालयाने या कामाची वाट घालून दिली. त्या काळी खेड्यातील बाळंतपणे सुईणीच्याच हाती होती. परिचारिकेचा व्यवसाय घरंदाज मुलींसाठी नाही, रात्रपाळी आणि परक्या पुरुषांची सेवा करावी लागते म्हणून तो टाळावा, असा समज घरोघरी होता. त्यामुळे सुरुवातीच्या पिढीत ख्रिस्ती मुली आणि विधवा स्त्रियाच अधिक दिसत. समाजाने ज्यांना दुसरी वाट ठेवली नव्हती, त्यांनीच हा व्यवसाय या भागात रुजवला, हे विसरता येणार नाही.

सरकारी पद म्हणून परिचारिकेचा विचार पद्धतशीरपणे झाला तो सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९४६ च्या अहवालात. अविभाजित भारतात तेव्हा जेमतेम ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. खेड्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना याच अहवालातून आली. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे देशातील पहिले नर्सिंग पदवी अभ्यासक्रम सुरू झाले आणि १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. विदर्भाच्या दृष्टीने याच सुमाराची आणखी एक घटना महत्त्वाची आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि १९६९ मध्ये तेथे ग्रामीण भागातले वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नागपूर गाठण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबांतील मुलींना परिचर्येचे शिक्षण आपल्या जिल्ह्यात मिळू शकते, हे सेवाग्रामने दाखवून दिले.

खेड्यातील नोकरीची खरी पायाभरणी मात्र २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमात झाली. प्रत्येक विकास गटाला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखाली उपकेंद्रे अशी रचना ठरली. उपकेंद्रासाठी सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, म्हणजे सर्वांच्या परिचयाची ए.एन.एम., हे पद आले. तीन-साडेतीन वर्षांचे पूर्ण प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका खेड्यांना पुरणे शक्य नव्हते, म्हणून कमी मुदतीचे प्रशिक्षण दिलेली वेगळी श्रेणी निर्माण करण्यात आली. ही तडजोड त्या काळी अपरिहार्य होती. परंतु खेडे म्हणजे कमी शिक्षणाचे व कमी पगाराचे पद आणि रुग्णालय म्हणजे पूर्ण शिक्षणाचे व अधिक पगाराचे पद, ही विभागणी तेव्हाच पडली आणि तिचे परिणाम आजच्या वेतनश्रेण्यांत स्पष्ट दिसतात. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची श्रेणी आज २५,५०० ते ८१,१०० आहे.

या विभागणीला विदर्भात प्रशासकीय बदलांचीही जोड मिळाली. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा या स्थानिक स्वराज्य संस्था स्थापन झाल्या होत्या. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे गेली, तर जिल्हा रुग्णालये राज्याच्या आरोग्य विभागाकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये कालांतराने वैद्यकीय शिक्षण विभागाकडे राहिली. त्यामुळे परिचारिकांच्या पदोन्नतीच्या दोन वेगळ्या वाटा तयार झाल्या. जिल्हा परिषदेतील आरोग्य सेविका पुढे आरोग्य सहाय्यिका होते आणि तिची वाट बहुधा तेथेच संपते. रुग्णालयातील अधिपरिचारिका मात्र परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशा पायऱ्या चढू शकते, शिवाय पात्रता मिळवल्यास पाठ्यनिर्देशिका म्हणून शिक्षणाकडेही वळू शकते. एका वाटेवरून दुसरीवर जाण्याची सोय जवळजवळ नाही. मेळघाटातील उपकेंद्रात वीस वर्षे बाळंतपणे केलेल्या आरोग्य सेविकेचा अनुभव जिल्हा रुग्णालयातील पदोन्नतीसाठी मोजला जात नाही, ही या रचनेतील सर्वांत मोठी उणीव आहे असे मला वाटते.

१९७३ च्या करतारसिंग समितीने ए.एन.एम.ला बहुउद्देशीय कार्यकर्ती ठरवले. प्रसूती व बालसंगोपनाबरोबर लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवतापाचे सर्वेक्षण आणि नोंदवह्या असा सारा भार तिच्यावर आला. उपकेंद्राचे प्रमाण सपाट भागात ५,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक असे पुढे ठरले. भामरागड किंवा धारणी तालुक्यात ३,००० लोकांची वस्ती किती पाड्यांत विखुरलेली असते आणि पावसाळ्यात त्यांतले किती पाडे नदी-नाल्यांनी तुटतात, हे लोकसंख्येच्या निकषात कधीच आले नाही. अशा भागातील कर्मचाऱ्यांना एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी देण्याचा निर्णय राज्य शासनाने २००२ मध्ये घेतला. दुर्गम भागात काम करण्याचे मोल पगारात धरले जाण्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचे पाऊल होते.

रुग्णालयातील परिचारिकांच्या सेवाशर्तींकडे केंद्राने लक्ष दिले ते १९५४ च्या शेट्टी समितीद्वारे आणि नंतर सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीद्वारे. या दुसऱ्या समितीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कामाचे तास, निवास, पदोन्नती आणि शिक्षण यांचा तपशीलवार विचार केला. प्रत्यक्ष पगारात मोठा फरक पडला तो मात्र वेतन आयोगांमुळे. पाचव्या वेतन आयोगानंतर केंद्रातील स्टाफ नर्सला ५,००० ते ८,००० ही श्रेणी होती आणि राज्यातील अधिपरिचारिकाही त्याच पातळीवर होती. फाटा फुटला तो सहाव्या आयोगात. त्या श्रेणीचे सर्वसाधारण रूपांतर ९,३०० ते ३४,८०० आणि ४,२०० ग्रेड वेतन (पदाच्या पातळीनुसार मूळ वेतनात मिळवायची ठरावीक रक्कम) असे होते, परंतु केंद्राने आपल्या परिचारिकांना विशेष वाढ देऊन ग्रेड वेतन ४,६०० केले. महाराष्ट्रात ते ४,२०० च राहिले. सातव्या आयोगात ४,६०० चे ४४,९०० झाले आणि ४,२०० चे ३५,४०० झाले. म्हणजे २००६ च्या रचनेतला ४०० रुपयांचा फरक आज मूळ वेतनात ९,५०० रुपयांचा झाला आहे आणि महागाई भत्ता मूळ वेतनावरच काढला जात असल्याने हातात पडणाऱ्या रकमेतील अंतर त्याहून मोठे आहे. शिवाय केंद्रातील परिचारिकांना स्वतंत्र नर्सिंग भत्ता मिळतो. सातव्या आयोगाने ७,२०० रुपये ठरवलेला हा भत्ता महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यावर २०२४ मध्ये ९,००० रुपये झाला.

एम्सची तयारी करणाऱ्या मुलींना या फरकाचे आकर्षण वाटणे अगदी रास्त आहे. नागपूरच्या मिहान परिसरातील एम्समध्ये वैद्यकीय शिक्षणाची पहिली तुकडी २०१८ मध्ये आली. २०२० पासून नॉरसेट ही सर्व एम्ससाठीची सामाईक परीक्षा होऊ लागली. तिच्यात ८० टक्के जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, पण स्पर्धा देशभराची असते आणि निवड झाल्यावर नागपूरच मिळेल असे नाही. रेल्वेतील नर्सिंग सुपरिटेंडेंट या पदालाही ४४,९०० ची श्रेणी आहे. सैन्याच्या परिचर्या सेवेचा इतिहास तर याहून जुना, १८८८ पासूनचा. त्या सेवेत लेफ्टनंट म्हणून अधिकारीपद मिळते आणि मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होते. विदर्भात कामठीची छावणी इतकी जवळ असूनही ग्रामीण भागातील मुलींना या वाटेची माहिती फार कमी असते.

कंत्राटी नोकरीचा अध्याय १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान (आजचे राष्ट्रीय आरोग्य अभियान) सुरू झाले तेव्हा उघडला. उपकेंद्रांना दुसरी ए.एन.एम., ग्रामीण रुग्णालयांना अधिक परिचारिका आणि पुढे नवजात शिशू कक्षांसाठी मनुष्यबळ या अभियानातून मिळाले आणि खेड्यांतील आरोग्यसेवेत त्यामुळे खरोखर फरक पडला. पण नेमणूक मुदतीची, पुनर्नियुक्तीच्या आदेशावर अवलंबून असलेली आणि मानधनावरची होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून राज्य सेवेत नव्याने येणाऱ्या कायम कर्मचाऱ्यांचीही जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली. म्हणजे २००५ नंतर या क्षेत्रात आलेल्या पिढीपैकी काहींना कायमपण मिळाले नाही आणि ज्यांना मिळाले त्यांना जुने निवृत्तिवेतन मिळाले नाही. मार्च २०२३ मधील राज्य कर्मचाऱ्यांच्या संपात परिचारिका मोठ्या संख्येने उतरल्या त्याचे मूळ येथे आहे.

कंत्राटी आणि कायम यांतील फरक केवळ पैशाचा नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला. त्या दुःखद घटनेनंतर झालेल्या कारवाईत कायम कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले, तर कंत्राटी परिचारिकांची सेवाच समाप्त करण्यात आली. दोष कोणाचा हा वेगळा प्रश्न आहे. निलंबित कर्मचाऱ्याला विभागीय चौकशी, निर्वाह भत्ता आणि आपली बाजू मांडण्याची संधी असते. करार संपलेल्या परिचारिकेला यांपैकी काही उरत नाही. दहा वर्षे सेवा झालेल्या अभियानातील कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा निर्णय राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतला तो अशा असुरक्षिततेविरुद्धच्या दीर्घ आंदोलनानंतरच.

समुदाय आरोग्य अधिकारी हे पद या साखळीतील सर्वांत नवे आहे. आयुष्मान भारत योजनेतील पहिले आरोग्यवर्धिनी केंद्र १४ एप्रिल २०१८ रोजी गडचिरोलीच्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यात, छत्तीसगडमधील जांगला येथे सुरू झाले. उपकेंद्रात मधुमेह, रक्तदाब यांची तपासणी व प्राथमिक उपचार करू शकेल असे मनुष्यबळ हवे होते. महाराष्ट्रात त्यासाठी आयुर्वेद पदवीधरांबरोबर बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर संधी मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. राज्याच्या रुग्णालयात तीन वर्षांची जी.एन.एम. (सामान्य परिचर्या व प्रसाविका) पदविका घेतलेली आणि चार वर्षांची पदवी घेतलेली अशा दोघी अधिपरिचारिका म्हणून एकाच श्रेणीत रुजू होतात, पदवीला सुरुवातीच्या वेतनात वेगळे स्थान नाही. खेड्यात राहून नर्सिंगच्या पदवीला स्वतंत्र ओळख देणारे हे पहिलेच पद होय, आणि तेच कंत्राटी ठेवले गेले.

कायम पदांच्या भरतीचा अनुभवही उमेदवारांची परीक्षा पाहणारा आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाची ऑक्टोबर २०२१ मधील परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द झाली आणि नवी भरतीप्रक्रिया २०२३ मध्ये झाली. खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षे ही सर्वसाधारण वयोमर्यादा असल्याने वाया गेलेल्या दोन वर्षांची किंमत अनेकींना मोजावी लागली. आरोग्य विभागाच्या रचनेत विदर्भ नागपूर आणि अकोला अशा दोन परिमंडळांत विभागलेला आहे. अमरावती विभागातील पाच जिल्हे अकोल्याकडे आणि नागपूर विभागातील सहा नागपूरकडे आहेत. अर्ज कोणत्या परिमंडळासाठी करायचा यावर पुढील अनेक वर्षांचे बदल्यांचे क्षेत्र अवलंबून असते.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा करून १९४७ च्या परिषदेच्या जागी नवी नियामक रचना आणली. शिक्षणाचा दर्जा व नोंदणी हे त्या कायद्याचे विषय आहेत, पगार नव्हे. पगाराचा प्रश्न आता केंद्राच्या आठव्या वेतन आयोगापुढे आहे. त्याच्या शिफारशी राज्याला आपोआप लागू होत नाहीत. सातव्या आयोगाच्या वेळी के. पी. बक्षी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्रात प्रत्यक्ष वाढीव पगार २०१९ च्या जानेवारीपासून मिळू लागला, जरी तो १ जानेवारी २०१६ पासून लागू धरण्यात आला. त्या वेळी ४,२०० ग्रेड वेतनाचा मुद्दा जसाच्या तसा नव्या श्रेणीत उतरला. राज्य पुन्हा अशीच समिती नेमेल तेव्हा अधिपरिचारिकेची तुलना केंद्रातील समकक्ष पदाशी होणार की राज्यातील इतर वर्ग तीनच्या पदांशी, यावर नागपूरची मेयो, मेडिकल, डागा ही रुग्णालये आणि अमरावतीच्या डफरीनपासून एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत काम करणाऱ्या परिचारिकांचे पुढील दहा वर्षांचे वेतन ठरेल.