आउटबोर्ड मोटरीचा पंखा बसवणे

लहान आउटबोर्ड मोटरीच्या (होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनाच्या) शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, प्रोपेलर, म्हणजे होडीवाल्यांच्या बोलीतला पंखा, निसटणार नाही असा पक्का करण्याचे काम. होडी पुढे जाताना पंखा शाफ्टवर पुढेच दाबला जातो. तो रेटा पंख्याच्या पुढची जाड चकती, म्हणजे थ्रस्ट वायसर, झेलतो, नटावर फारसा भार येत नाही. रिव्हर्स टाकला की पंखा मागे ओढला जातो आणि त्याला धरायला फक्त नट व कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालायची दोन पायांची पिन) उरते. म्हणून सैल नट दिवसभर खपून जातो आणि धक्क्याला लागताना रिव्हर्स मारला की पंखा तळाला जातो.

दोन-तीन अश्वशक्तीच्या अनेक मोटरींत शाफ्टमधून आडवी शिअर पिन जाते आणि पंखा तिच्यावर फिरतो. खडकाला पाते लागले की ही मऊ पिन तुटते आणि गिअर वाचतात. तिच्या जागी खिळा ठोकण्याची सवय महागात पडते, कारण मग खिळा टिकतो आणि गिअर जातात. साधारण आठ-दहा अश्वशक्तीपासून पुढे शाफ्टला उभ्या खाचा असतात आणि धक्का सोसायला पंख्याच्या आत रबरी बुश, म्हणजे शाफ्टवर बसणारी नळी, असतो.

कामाला हात घालण्यापूर्वी मोटर न्यूट्रलमध्ये घ्यावी, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढावी आणि स्पार्क प्लगची टोपी उपसून ठेवावी. जुना पंखा काढला की शाफ्टच्या मुळाशी पाहावे. तिथे तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉन दोरा, गुंडाळलेला असला तर तो ऑइल सील कापतो, गिअर ऑइलमध्ये पाणी शिरते आणि तेल दुधाळ होते. खाचा पुसून त्यांना मरीन ग्रीस लावावे. ते नसेल तर खाऱ्या पाण्यात पंखा शाफ्टला असा धरतो की हातोड्याशिवाय निघत नाही.

क्रम असा: थ्रस्ट वायसर (उतरती बाजू पंख्याकडे, त्याच्या बुशात बसेल अशी), पंखा, स्पेसर, साधा वायसर, खाचांचा नट. काही मोटरींत एखादा तुकडा कमी असतो. जुने भाग काढताना क्रमाने फळीवर मांडले की घोळ होत नाही. थ्रस्ट वायसर विसरला तर पंख्याचा बुश गिअरकेसला, म्हणजे गिअरच्या पेटीला, घासतो.

पाते आणि वरची आडवी पट्टी यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवून नट आवळावा. हाताने पाते धरू नये. जोर किती लावायचा ते मोटरीच्या पुस्तिकेत असते. यामाहाच्या 15-20 अश्वशक्तीच्या मोटरींना तो 17 न्यूटन-मीटर, म्हणजे पाना अंगाचा जोर न लावता ओढावा इतपतच. नटाची खाच शाफ्टच्या भोकासमोर आली नाही तर नट आणखी थोडा आवळावा, मागे फिरवू नये. कॉटर पिन स्टेनलेसची, दर वेळी नवी घ्यावी. वाकवून सरळ केलेली जुनी पिन पुन्हा वाकवताना तुटते. दोन्ही पाय पकडीने उलट्या दिशांना दुमडावेत. मग न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवून पाहावा. तो कुठे घासत असेल तर वायसर चुकलेला असतो.

सगळे पक्के असूनही इंजिन किंचाळते आणि होडी जागची हलत नाही, तेव्हा दोष बहुधा रबरी बुशाचा असतो. आतल्या बुशावर आणि बाहेरच्या कडेवर एकाच रेषेत खूण करून भाराखाली चालवावे. खुणा सरकल्या तर बुश घसरतो आहे. हळू वेगाने घर गाठता येते, पण नट कितीही आवळला तरी तो दोष जात नाही.