चोचीचं टोक किती ठेवायचं?

आमच्या परसातला तांबडा कोंबडा दाणे टिपताना मान तिरकी करायला लागला, तेव्हा आधी वाटलं, डोळ्याला काही झालंय. ज्वारीचा दाणा तो बरोबर हेरायचा, चोचही तिथेच पडायची, पण दाणा सुळकन बाजूला सरकायचा. धरून पाहिलं तर वरची चोच वाढून आकड्यासारखी खाली वळलेली. चांगलं खाणं दिसलं की कोंबडा ते उचलून पुन्हा खाली टाकतो आणि ‘टुक टुक’ करून कोंबड्यांना बोलावतो. याला तेही जमेना. तो हाक मारायचा, कोंबड्या धावत यायच्या आणि तशाच परत जायच्या.

चोचीच्या आत जबड्याचं हाड असतं. त्यावर रक्तवाहिन्या आणि चेतातंतूंनी भरलेला जिवंत थर आणि सगळ्यात वर केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याचं, टणक कवच. हे कवच जन्मभर आतून तयार होत राहतं आणि बाहेरून झिजत राहतं. उकिरडा उकरताना, खडे टिपताना, खाल्ल्यावर चोच दगडावर दोन्ही बाजूंनी पुसताना ही झीज होते. आम्ही पावसाळाभर त्याला खुराड्यात ठेवलं होतं. खाली भाताचं तूस, खायला बारीक भरड. वाढ चालू राहिली, झीज थांबली.

कापायचं म्हटलं की हात थरथरतो आणि ते बरंच आहे. अंधार पडल्यावर कोंबडा शांत असतो, तेव्हा त्याला टॉवेलमध्ये गुंडाळावं, पण छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड वरखाली होतं तेव्हाच हवा आत-बाहेर जाते, त्यामुळे घट्ट धरलेला पक्षी गुदमरतो. नाकपुड्याही मोकळ्या हव्यात. मग चोचीमागे टॉर्च धरायचा. फिकट चोचीत जिवंत भाग गुलाबी दिसतो, त्यापुढचा निव्वळ कवचाचा भाग पांढुरका. कडकनाथच्या काळ्या चोचीत हे काही दिसत नाही, तिथे कात्री लावूच नये. मी कात्रीपेक्षा बारीक कानसच वापरतो. थोडं घासायचं, थांबायचं, पाहायचं. रक्त आलंच तर तुरटीची पूड दाबून धरायची. खालच्या चोचीला तर शक्यतो हात लावू नये. तिच्या टोकाशी स्पर्शाची जाणीव देणाऱ्या सूक्ष्म चेता-टोकांचा पुंजका असतो, दाणा कसा आहे हे कोंबड्याला तिथेच कळतं.

आणि आता मुख्य मुद्दा, जो मलाही उशिरा कळला. वरची चोच खालच्या चोचीच्या अगदी बरोबरीला आणायची नसते. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाचे डेल क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारव्यांच्या चोचीचं पुढे आलेलं टोक घासून काढलं. खाण्यात फरक पडला नाही, पण अंगावरच्या उवा भराभर वाढल्या. 2005मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पिसं विंचरताना खालची चोच त्या एक-दोन मिलिमीटरच्या टोकावर घासते आणि मध्ये सापडलेली ऊ चिरडली जाते. चोच कापलेल्या कोंबड्यांवरही उवा जास्त होतात. म्हणून थोडं टोक राहू द्यावं.

अंडी देणाऱ्या मोठ्या फार्मवर पिल्लांची चोच कापतात, ती वेगळी गोष्ट. कोंबड्यांनी एकमेकींना टोचून जखमी करू नये म्हणून तापल्या पात्याने किंवा अवरक्त किरणांनी जिवंत भागासकट टोक काढलं जातं. स्कॉटलंडमध्ये 1980च्या दशकात झालेल्या अभ्यासात अशा चोचींमध्ये तुटलेल्या चेतातंतूंच्या गाठी सापडल्या, माणसाचा पाय कापल्यावर बुडख्यात होतात तशाच. परसातल्या दहा-पंधरा पक्ष्यांच्या बाबतीत हे करायचं मला तरी काहीच कारण दिसत नाही. टोचाटोची होत असेल तर आधी जागा वाढवावी.

चोचीची दोन टोकं कात्रीसारखी एकमेकांना ओलांडून जात असतील तर दोष बहुधा हाडातच असतो. तिथे कानस पुन्हापुन्हा लागते आणि खाणं खोल भांड्यात, ओलं करून द्यावं लागतं. त्या पक्ष्याची पैदास मात्र करू नये. चोच मऊ, खपल्या पडलेली किंवा एकाएकी वाढलेली दिसली तर पशुवैद्यकांना दाखवावं.

आमच्या कोंबड्याची चोच तीन रात्रींत, थोडीथोडी करून उतरवली. पाण्याच्या भांड्याजवळ आता पाट्याचा एक फुटका तुकडा ठेवलाय, टाकी लावलेली बाजू वर करून. ओली भरड त्यावरच वाढतो. तो ती टक टक टिपतो, मग चोच आधी उजवीकडून आणि नंतर डावीकडून त्या दगडावर पुसतो.