बाटलीत मुरतं ते नेमकं काय?

ई-सिगारेटचं व्हॅनिलाच्या चवीचं द्रावण नुकतंच तयार केलेलं असतं, तेव्हा ते जवळपास पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. झाकण उघडलं की आधी अल्कोहोलचा भपकारा येतो, व्हॅनिला मागाहून. हीच बाटली तीन-चार आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवली, की रंग मधाकडे झुकतो, भपकारा ओसरतो आणि वास भरीव लागू लागतो. वेपिंग करणारे, म्हणजे ई-सिगारेट ओढणारे, याला ‘स्टीपिंग’ म्हणतात. मराठीत त्यासाठी चपखल शब्द आहे : मुरवणं.

सर्वांत आधी होतं ते साधं मिसळणं. द्रावणाचा बहुतेक भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा असतो. २० अंश सेल्सिअसला ग्लिसरीनचा चिकटपणा पाण्याच्या सुमारे १४०० पट असतो. ताजी बाटली दिव्यासमोर धरून हळूच तिरकी केली, तर आत पारदर्शक धागे वळवळताना दिसतात. ते एकजीव न झालेले थर. पण चांगलं खळखळून हलवलं की हे काम उरकतं, त्याला आठवडे लागत नाहीत. अल्कोहोल उडून जायचं म्हटलं तर झाकण उघडं हवं. मग बंद बाटलीतली चवही का बदलते?

कारण आत रासायनिक अभिक्रिया चालू असते. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन, बदामाचा वास देणारं बेन्झाल्डिहाइड, दालचिनीचं सिनॅमाल्डिहाइड ही सगळी अल्डिहाइडं. प्रॉपिलीन ग्लायकॉल आहे अल्कोहोलच्या कुळातलं. ही दोन कुळं एकत्र आली की त्यांच्यापासून अ‍ॅसिटल नावाची संयुगं बनतात आणि पाण्याचा एक रेणू सुटतो. अमेरिकेतल्या येल आणि ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे मोजून दाखवलं : काही द्रावणांत ४० टक्क्यांहून अधिक अल्डिहाइडाचं अ‍ॅसिटल झालं होतं, आणि त्यातलं ५० ते ८० टक्के वाफेतही उतरत होतं. म्हणजे जे ‘मुरलं’ म्हणतो, त्यातला काही भाग मुळात दुसराच पदार्थ झालेला असतो. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती पुढची. श्वासमार्गात जळजळीची जाणीव करून देणारे जे ग्राही असतात, त्यांतले काही ही अ‍ॅसिटलं मूळ अल्डिहाइडांपेक्षा जास्त जोरात चेतवतात. जिभेला सौम्य वाटलं म्हणून श्वसनमार्गालाही ते सौम्यच असेल, असं धरून चालता येत नाही.

रंग गडद होण्यामागे निकोटिनही असतं. हवा आणि उजेड लागला की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते पिवळं, मग तपकिरी पडतं. व्हॅनिलिनही रंग धरतं. त्यामुळे नुसत्या रंगावरून द्रावण मुरलं की निकोटिन बिघडलं, हे ओळखता येत नाही. झाकण उघडं ठेवून ‘श्वास घेऊ द्या’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. त्यात अल्कोहोलबरोबर फळांचे हलके, उडून जाणारे सुगंधही निघून जातात आणि निकोटिनला हवा मात्र भरपूर मिळते. लवकर मुरावं म्हणून गरम करणंही तसंच, कारण उष्णतेने नको त्या अभिक्रियाही वेग घेतात.

लोण्याच्या चवीची गोष्ट तर फारच गंभीर आहे. ती चव देणारं डायअसेटिल खाण्यात चालतं, श्वासातून मात्र घातक ठरतं. २००० साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या ८ माजी कामगारांना फुप्फुसातल्या बारीक वायुनलिका कायमच्या आकसणारा आजार झाल्याचं उघड झालं आणि तपास या लोण्याच्या स्वादापर्यंत पोचला. त्यानंतर अनेक स्वाद बनवणाऱ्यांनी डायअसेटिलऐवजी असिटोइन वापरायला सुरुवात केली. पण ई-द्रावणात ठेवलेल्या असिटोइनपासून काळाबरोबर डायअसेटिल तयार होतं, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. निकोटिन आम्लारिधर्मी असल्यामुळे त्याच्या सोबतीने ही अभिक्रिया आणखी वेगाने होते. बाटलीवर ‘डायअसेटिलमुक्त’ लिहिलेलं असलं, तरी ते भरल्या दिवसापुरतं खरं असू शकतं. आणि जास्तीत जास्त दिवस मुरवायला सांगतात ती द्रावणं कस्टर्ड आणि लोण्याच्या चवीचीच असतात.