गुणी पोर

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, एका उसाच्या फडात, बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली होती. झोळीत १४ महिन्यांची मुलगी. शेजारून ट्रॅक्टर धुरळा उडवत गेला, आम्ही तीन अनोळखी माणसं वाकून तिच्याकडे बघायला लागलो, तरी ती रडली नाही की हसली नाही. नुसती बघत राहिली. तिची आई हातातला कोयता खाली ठेवून पाचटातून आली आणि कौतुकानं म्हणाली, "लई गुणी हाय. दिवसभर काय तरास न्हाई तिचा."

सोबतच्या अंगणवाडीच्या ताईंनी पिशवीतून दंडघेराची पट्टी काढली. डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध ती गुंडाळली. खूण पिवळ्या रंगावर थांबली, ११.९ सेंटीमीटर. "मॅम," ताई पुटपुटल्या. मॅम म्हणजे मध्यम कुपोषण. ११.५ च्या खाली तांबडा रंग, तो सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण. १२.५ पासून पुढे हिरवा. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ही एकच पट्टी चालते, कारण त्या वयात निरोगी मुलाचा दंडघेर फारसा बदलत नाही. वजनकाटा नको, जन्मतारखेचा कागद नको. फडावर हे फार सोयीचं.

मला मात्र त्या मुलीचा गुणीपणा खटकत राहिला. १४ महिन्यांचं पोर माती खातं, भांडी आपटतं, आईचे केस ओढतं. तो उपद्रव म्हणजे त्याचा अभ्यास असतो. जन्माच्या वेळी मेंदू साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा असतो, आणि दोन वर्षांत मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ८० टक्क्यांच्या आसपास पोचतो. ही वाढ फुकट होत नाही. मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी विसेक टक्के घेतो. पाचेक वर्षांच्या मुलाचा मेंदू ४० टक्क्यांच्या वर घेतो. पोटात पुरेसं गेलं नाही की शरीर काटकसर सुरू करतं. आधी चरबी जाते, मग वजन अडतं, मग उंची खुंटते. आणि पहिल्या दिवसापासून करता येण्याजोगी काटकसर म्हणजे हालचाल कमी करणं. पोर गप्प बसतं. गप्प पोराशी कुणी फार बोलत नाही, त्याला कुणी खेळवत नाही. म्हणजे मेंदूला मिळायचं दुसरं खाद्यही आटतं.

"सकाळी काय खाल्लं हिनं?" ताईंनी विचारलं. "च्या-बिस्कुट."

या दोन शब्दांत बरंच काही आहे. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. बाळ पोटात असताना आईकडून जो साठा घेऊन येतं, तो सुमारे सहा महिने पुरतो. आईच रक्तक्षयी असेल किंवा बाळ कमी वजनाचं असेल, तर त्याच्या आतच संपतो. पुढचं लोह वरच्या आहारातूनच यायला हवं. बिस्किटात मुख्यतः मैदा आणि साखर, आणि चहातले तुरट घटक अन्नातलं लोह आतड्यात नीट शोषू देत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. त्यामुळे एकट्या ऊसतोडवाल्यांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. चहा-बिस्किटाची न्याहारी बंगल्यांतही चालते.

लोह फक्त रक्ताला लागतं असा आपला समज असतो. मेंदूतल्या तंतूंवर चढणाऱ्या वेष्टनालाही ते लागतं, आणि उत्साह, कुतूहल यांच्याशी संबंधित डोपामिन या रसायनालाही. बालरोगतज्ज्ञ बेट्सी लोझॉफ यांनी मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात लोहाची कमतरता असलेल्या तान्ह्या मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा ती आईला जास्त चिकटून राहणारी, कमी हसणारी, नव्या वस्तूकडे जायला कचरणारी दिसली. उपचारानं रक्त सुधारलं, पण ही मुलं १९ वर्षांची होईपर्यंत बौद्धिक चाचण्यांत मागेच राहिली. ही दरी गरीब घरांतल्या मुलांमध्ये अधिक रुंद होती. हे निष्कर्ष वाचले होते तेव्हा मला तो तक्ता वाटला होता. झोळीत तोच तक्ता माझ्याकडे बघत पडला होता.

आईला दोष द्यावा म्हटलं, तर तिचा दिवस बघा. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. ऊस तोडायचा, सोलायचा, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे एक खाडासुद्धा महाग पडतो. लहान मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवावं लागतं. हिच्याकडे ज्वारी नाही असं नाही, ते चार-पाच वेळा नाहीत. त्यात कोपीतला, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या झोपडीतला, चुलीचा धूर आणि पाटाचं पाणी. घाण पाण्यातले जंतू वारंवार पोटात गेले की आतड्याच्या आतले बोटांसारखे उंचवटे झिजून सपाट होत जातात, आणि मग खाल्लेलंही नीट अंगी लागत नाही.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याला वेळेचं महत्त्व सांगावं लागत नाही. फुटवे फुटायच्या दिवसांत उसाला पाण्याचा ताण बसला, तर पुढे कितीही युरिया टाका, एकरी टनेज भरत नाही. पण माणसाचं पोर ऊस नाही. १९८६-८७ मध्ये जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली उंची खुंटलेली १२९ मुलं संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी निवडली. काहींना जादा आहार दिला. काहींच्या घरी स्थानिक आरोग्यसेविका आठवड्याला एक तास, अशी दोन वर्षं जायची. टाकाऊ वस्तूंची खेळणी आणायची आणि मुलाशी कसं बोलायचं, कसं खेळायचं ते आईला दाखवायची. वीस वर्षांनी हिशेब केला, तर ज्यांच्याशी खेळणं झालं होतं त्यांची कमाई तसं न झालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या आहारानं हे साधलं नव्हतं. याचा अर्थ आहार नको असा कुणी काढू नये. आहाराचं पाकीट देऊन परत फिरणं पुरत नाही, इतकाच काढावा.

आमच्या त्या मुलीला तर पाकीटही मिळत नव्हतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. पण गावाकडच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा, आणि इथे "हंगामापुरती माणसं, त्यांची कशी नोंद करायची?" असं तोंडी उत्तर. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. चौदापैकी पाच-सहा महिने ती कुणाच्याच यादीत नव्हती. आणि ही 'बाहेरची' माणसं सगळी बीडकडचीच असतात असंही नाही. त्या टोळीतली दोन कुटुंबं आपल्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली निघाली.

१३ डिसेंबर २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात एक उपयोगी कलम आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू झाली पाहिजे. ताई आणि मी कारखान्याजवळच्या अड्ड्यावर, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामावर, कोपी-कोपीत जाऊन मोजलं. ४३ भरली. निवेदन लिहिलं, खाली बायांचे अंगठे घेतले, पोहोच घेतली. तारीख होती २० जानेवारी. तीन महिने मोजले तर २० एप्रिल. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अड्डा उठला, कोप्यांच्या जागी चुलींचे काळे दगड तेवढे उरले.

मधल्या काळात ताई आठवड्यातून एकदा जात होत्या. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ज्वारीचे दाणे घालून केलेला खुळखुळा त्यांनी पहिल्या दिवशी झोळीला बांधला. चहा जेवणानंतर तासाभरानं, भाकरी कुस्करून डाळीत, आणि वर पेरूची फोड, एवढं आईनं जमवलं. चौथ्या आठवड्यात तिची तक्रार आली, "आता लई तरास देती ओ, एका जागी बसंना."

यंदाचं निवेदन ऑक्टोबरलाच टाइप करून ठेवलं आहे. मुलांच्या आकड्याची जागा तेवढी कोरी आहे.